परिचारक प्यूसँ याचें टिपण व बिसेत्र येथील शृंखलामोचनाचा काल

वेड्यांच्या शुश्रूषेच्या इतिहासांत बिसेत्र येथील शृंखलामोचनाची कथा सर्वतोमुखीं झालेली आहे. बिसेत्र हें पॅरिस शहराच्या दक्षिणेस असलेलें एक मोठें आश्रयगृह. त्यांत दरिद्री, रोगी, कैदी व वेडे अशा सर्वांचा भरणा असे. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमींत फिलिप पिनेल नांवाचा वैद्य तेथें आला, राज्यकर्त्यांचा रोष पत्करून त्यानें वेड्यांचे साखळदंड काढविले, आणि तेथून मानसवैद्यकाचें नवें युग सुरू झालें, अशी ही कथा. शार्ल-लुई म्यूलेर या चित्रकारानें १८४९ मध्यें या प्रसंगाचें भव्य चित्र काढलें, व पुढें अनेक पाठ्यपुस्तकांतून ती कथा इतिहास म्हणूनच सांगितली गेली.

ही कथा कालगणनेच्या कसोटीस उतरत नाहीं, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. साखळदंड काढले ते वैद्यानें नव्हे, परिचारकानें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, वेडाचे प्रकार ओळखणें व त्या त्या प्रकारास अनुरूप अशी वागणूक ठरविणें, या कामींहि वैद्याची पुष्कळशी मदार त्या परिचारकावरच होती.

प्रथम कालाचा प्रश्न घेऊं. या कथेचा मुख्य आधार म्हणजे पिनेलचा पुत्र सिपियों यानें १८३६ मध्यें प्रसिद्ध केलेला निबंध. निबंधाच्या मथळ्यांतच १७९२ हें वर्ष घातलेलें आहे. परंतु पिनेल याची बिसेत्रवर नेमणूक झाली ती १७९३ च्या ऑगस्टांत, व तो कामावर रुजू झाला तो सप्टेंबरांत. म्हणजे जो मनुष्य त्या वर्षीं त्या ठिकाणीं नव्हताच, त्याच्या हातून तेथें शृंखलामोचन घडविलें आहे! पुढें १७९५ मध्यें पिनेल याची साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या आश्रयगृहाकडे बदली झाली. तेव्हां बिसेत्रमधील साखळदंड कायमच होते. याविषयीं खुद्द पिनेलचीच साक्ष आहे. आपल्या ग्रंथाच्या १८०९ च्या दुसऱ्या आवृत्तींत तो खेद व्यक्त करतो कीं, ही रानटी चाल बंद झालेली आपणांस तेथें असतांना पाहतां आली नाहीं. आणि ती बंद करण्याचें श्रेय तो तेथील मुख्य परिचारक प्यूसँ यास स्पष्ट शब्दांत देतो.

पिनेल १८२६ मध्यें वारला, आणि पुत्राचा निबंध त्यानंतर दहा वर्षांनीं झाला. समकालीन पत्र व उत्तरकालीन बखर यांत विरोध आला असतां पत्रास प्रमाण मानावें, हा आपल्याकडील संशोधकांचा नेहमींचा दंडक आहे. येथें तर ज्याची थोरवी गावयाची त्याचाच लेख एका बाजूस, आणि पितृभक्तीनें लिहिलेली बखर दुसऱ्या बाजूस. तरीहि शंभराहून अधिक वर्षें बखरीचाच जय झाला. ग्लादीस स्वेन या फ्रेंच विदुषीनें १९७७ मध्यें या दंतकथेची कसून चिकित्सा केली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९७९ मध्यें, डोरा वाइनर या इतिहाससंशोधिकेनें फ्रान्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत सांपडलेलें प्यूसँचें टिपण प्रसिद्ध केलें, आणि या वादाचा निकाल लागला.

हें टिपण १७९७ सालचें आहे. क्रांतीच्या पांचव्या वर्षीं प्रेरियाल मासांत, म्हणजे १७९७ च्या मे-जून महिन्यांत, आपण साखळदंडांचा उपयोग बंद केला, आणि त्यांच्या जागीं अंगावर बांधावयाच्या बंड्या आणल्या, असें प्यूसँ त्यांत नमूद करतो. या बंड्यांमुळें क्षुब्ध रोग्यासहि हिंडतां-फिरतां येतें, व तो पूर्वीपेक्षां अधिक धोक्याचा होत नाहीं, असा त्याचा अनुभव. रोग्यांवर हात उगारण्यास त्यानें सेवकांस सक्त मनाई केली होती. मारल्यावांचून आपला जीव सुरक्षित राहणार नाहीं, अशी ओरड सेवकांनीं केली. तेव्हां न ऐकणारांस त्यानें कामावरून दूर केलें.

हा प्यूसँ कोण? झां-बातिस्त प्यूसँ याचा जन्म १७४५ मधला. धंदा कातडीं कमावण्याचा. गंडमाळांच्या विकारानें तो १७७१ मध्यें रोगी म्हणूनच बिसेत्रमध्यें दाखल झाला. बरा झाल्यावर तेथेंच चाकरीस राहिला, आणि कांहीं वर्षांनीं वेड्या पुरुषांच्या विभागाचा मुख्य झाला. वैद्यकाचें शिक्षण त्यास मुळींच नव्हतें. १७८६ मध्यें मार्गरीत ज्युब्लीन हिच्याशीं त्याचा विवाह झाला, व तीहि त्याच कामांत पडली. हीं दोघें रात्रंदिवस रोग्यांच्या सन्निध राहत. वैद्य फेरीपुरता येई. पिनेलचा थोरपणा असा कीं, त्यानें हा भेद ओळखला. तेथें गेल्यावर आपण वैद्याचा अधिकारवाणीचा सूर टाकून दिला व या अनुभवी माणसाच्या संगतीनें रोग्यांचें निरीक्षण केलें, असें तो मोकळेपणें लिहितो.

परिचारकाच्या ज्ञानाचा पिनेलच्या ग्रंथांत कितपत शिरकाव झाला आहे, हें एका उदाहरणावरून ताडून पाहतां येतें. १८०१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तींत पिनेल यानें भ्रमरहित उन्माद असा एक प्रकार वर्णिला. यांत रोग्याचें बोलणें सुसंगत असतें, बुद्धि शाबूत दिसते, आणि तरीहि त्यास अनावर क्रोधाचे झटके येतात. याच्या पुष्ट्यर्थ दिलेला एक दाखला असा. तुरुंगांतील हत्याकांडानंतर एक सशस्त्र जमाव बिसेत्रमध्यें घुसला. साखळदंडांत असलेला एक मनुष्य त्यांच्याशीं इतक्या समंजसपणें बोलला कीं, यास अन्यायानेंच डांबलें आहे अशी त्यांची खात्री झाली. हा शहाणा दिसला तरी त्यास झटके येतात, असें मुख्य परिचारकानें परोपरीनें सांगितलें. पण जमावानें उलट त्यालाच दटावलें, आणि त्या मनुष्यास मोकळें करून जयघोषांत बाहेर नेलें. शस्त्रें व गलबला पाहतांच त्यास झटका आला. त्यानें एकाची तलवार हिसकावून चोहोंकडे वार केले, आणि जमावासच त्याला परत आणावें लागलें.

हें हत्याकांड १७९२ च्या सप्टेंबरांतलें. पिनेल तेथें आला तो त्यानंतर एक वर्षानें. अर्थात् हा दाखला त्याच्या डोळ्यांदेखतचा असणें शक्य नाहीं. तो प्यूसँच्या तोंडून किंवा त्याच्या सेवकांकडूनच त्यास मिळालेला असला पाहिजे. ज्या प्रकाराची ओळख पिनेलच्या नांवावर मोडते, तो त्या दिवशीं जमावास समजला नव्हता. परिचारकास मात्र समजलेला होता. बोलण्यावरून शहाणपण ठरवूं नये, दीर्घकालीन वर्तनावरून ठरवावें, हें तत्त्व त्यानें नित्याच्या सहवासानें हस्तगत केलें होतें.

नियतकालिक उन्मादाच्या पूर्वलक्षणांचेंहि तसेंच. पोटांत आवळल्यासारखें होणें, अन्नाचा तिटकारा, मलावरोध, निद्रानाश, हीं लक्षणें आधीं दिसतात व बोलणें मागाहून बिघडतें, असें पिनेल लिहितो. कोणाचें ताट तसेंच परत आलें व कोण रात्रभर जागा होता, हें प्रथम ज्याच्या दृष्टीस पडतें तो वैद्य नव्हे.

उपचारांतहि परिचारकाची कुशलता दिसते, आणि तिची मर्यादाहि. धर्मभयानें अन्न वर्ज्य केलेल्या एका तरुणापुढें प्यूसँ रात्रीं उग्र मुद्रेनें उभा राहिला. बरोबरच्या सेवकांनीं साखळ्या खडखडविल्या. आणि पेज घेतली नाहींस तर कठोर शासन होईल असा धाक घातला. त्या भीतीनें तो जेवला. उलट, अन्न नाकारणाऱ्या एका क्षुब्ध रोग्यापुढें मार्गरीतबाईनें थट्टा-मस्करी केली, ती नाचली, आणि त्याच्या तोंडावर हंसूं उमटतांच घांस भरविला. दोन्ही प्रसंग पिनेलनेंच नोंदलेले आहेत. पहिला उपाय आज कोणीहि मान्य करणार नाहीं. बांधावयाची बंडी हेंहि शेवटीं बंधनच. तरी बरे होत आलेल्या रोग्यांतूनच सेवक निवडावे, ही प्यूसँची रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्यानें तें दुःख भोगलें आहे त्याचा हात सहसा उठत नाहीं.

या संदर्भांत आपल्या आयुर्वेदाचें स्मरण होणें साहजिक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत; वैद्य, औषध व रोगी यांच्या जोडीला परिचारक हा स्वतंत्र पाद गणला असून त्याच्या ठिकाणीं उपचारज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम व शुचिता हे गुण अपेक्षिलेले आहेत. त्याच ग्रंथांत उन्मादाचें लक्षण सांगतांना मन, बुद्धि, संज्ञाज्ञान व स्मृति यांबरोबरच भक्ति, शील, चेष्टा व आचार यांचाहि विभ्रम मोजला आहे. यांतील शेवटचीं चार आवड, स्वभाव, हालचाल व रोजची वागणूक यांचीं द्योतक असून तीं नाडी पाहून कळत नाहींत. जवळ राहणारासच कळतात. चरकानें उन्मादावर सांत्वनाबरोबर दांत काढलेल्या सर्पाची भीति दाखविण्यासारखे उपायहि सांगितले आहेत. म्हणजे धाक व माया यांची सांगड बिसेत्रपुरती नव्हती. चरकाचा प्यूसँवर कांहीं परिणाम झाला असें सुचविण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. तसा कोणताहि पुरावा नाहीं.

पिनेलचें मोठेपण यानें उणें होत नाहीं. १८०२ मध्यें प्यूसँ साल्पेत्रिएर येथें त्याच्या हाताखालीं आला, तो १८११ मध्यें मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. वैद्यानें ऋण मान्य केलें होतें. तें विसरले ते चरित्रकार व चित्रकार.

संग्राहकांनीं यापासून घ्यावयाचा बोध सरळ आहे. ग्रंथ छापला गेला म्हणून टिकला; टिपण मात्र जवळजवळ १८० वर्षें दप्तरांत पडून राहिलें, आणि तें नष्ट झालें असतें तर पिनेलच्या साक्षीस दुजोरा मिळाला नसता. आपल्याकडेहि येरवडा, ठाणें, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयें इंग्रजी अमदानींतलीं आहेत. त्या काळचे अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत. परंतु पाळीच्या वह्या, रात्रपाळीचे शेरे, शिध्याच्या याद्या, परिचारकांचे अर्ज, असले कागद जुन्या बाजारांत किंवा एखाद्या सेवकाच्या वंशजांकडे आढळले, तर ते रद्दी समजून टाकूं नयेत. रुग्णांचीं नांवें प्रसिद्ध करूं नयेत, हें पथ्य अवश्य पाळावें; पण त्या सबबीवर कागद जाळूंहि नयेत. रुग्णाच्या उशाशीं रात्र काढणाऱ्याची साक्ष बहुधा अशाच कागदांत असते, आणि ती दुसरीकडे कोठेंहि मिळत नाहीं.