रे रोडचे ‘रे’ आणि विद्यापीठात उशिरा पोहोचलेला संगणक

१/ हार्बर मार्गावरील रे रोड स्थानक १९१० सालचे. त्याच्या नावातील ‘रे’ कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले डोनाल्ड जेम्स मॅके, म्हणजेच लॉर्ड रे, यांचे हे नाव. आज विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा या नावाशी दूरचा, तरीही खरा संबंध आहे. तो या थ्रेडमध्ये पाहू.

२/ लॉर्ड रे यांचा जन्म हॉलंडमधील हेग येथला. शिक्षण हा त्यांच्या आस्थेचा विषय. इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे म्हणजे, १९०२ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश अकादमीचे ते पहिले अध्यक्ष. मुंबईत असताना त्यांनी जो प्रश्न हाती घेतला, तो मात्र साहित्याचा वा इतिहासाचा नव्हता. तो तंत्रशिक्षणाचा होता.

३/ मुंबई विद्यापीठ १८५७ चे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते प्रामुख्याने परीक्षा घेणारे व पदव्या देणारे मंडळ होते. अभियांत्रिकी म्हणजे मुख्यतः स्थापत्य. ती पुण्याच्या महाविद्यालयात शिकवली जाई आणि तिची सांगड सरकारी बांधकाम खात्याशी होती. गिरण्यांतील इंजिने व माग चालवणाऱ्या शहराला या व्यवस्थेत जागा नव्हती.

४/ ही उणीव भरून काढण्यासाठी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. तिचे आरंभीचे ठिकाण भायखळा. आजच्या रे रोड स्थानकापासून फार लांब नाही. यंत्रशास्त्र आणि वस्त्रोद्योग हे तिचे आधारस्तंभ. १९२३ साली ती माटुंग्याला गेली. १९९७ पासून ती ‘वीरमाता जिजाबाई’ यांच्या नावाने ओळखली जाते. व्हीजेटीआय ही आद्याक्षरे तेवढी तशीच राहिली.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या संस्थेतून बाहेर पडणारे विद्यार्थी दीर्घकाळ विद्यापीठाची पदवी नव्हे, तर ‘एल.एम.ई.’सारखी संस्थेची स्वतःची पदविका घेऊन बाहेर पडत. ज्ञान कार्यशाळेत आधी आले. विद्यापीठाची मोहोर त्यावर नंतर उमटली. संगणकाच्या बाबतीत मुंबईत हाच क्रम पुन्हा घडला.

६/ त्या दुसऱ्या पर्वाच्या आरंभी भेटतात आपल्या परिचयाचे दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून आपण त्यांना वाचतो. पेशाने ते गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करीत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला गेले. विषय होता गणनयंत्रांची तात्त्विक व तांत्रिक बाजू. नाण्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र लावून इतिहास शोधणाऱ्या माणसाला या यंत्रांचे महत्त्व पटणे स्वाभाविकच होते.

७/ प्रत्यक्ष यंत्र उभे राहिले ते त्याच संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली. १९५० च्या दशकाच्या मध्यास आधी लहान प्रायोगिक यंत्र, मग पूर्ण आकाराचे. १९६० साली ते कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, ४० बिटांचे शब्द आणि फेराइट कड्यांची स्मृती. संगणकशास्त्राची पदवी या देशात कोणाकडेच नव्हती, कारण तशी पदवीच अस्तित्वात नव्हती. तरुण पदवीधरांनी यंत्र बांधता बांधता विषय शिकून घेतला.

८/ यावर एक आक्षेप घेतला जातो. टिफ्रॅक पूर्ण होईतो जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकन ‘सीडीसी ३६००’ आला आणि देशी यंत्र मागे पडले. मग एवढा खटाटोप कशासाठी? आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, परंतु तो यंत्राला मोजतो, माणसांना नाही. नवा संगणक आला तेव्हा तो चालवणारे व इतरांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे लोक मुंबईत तयार होते. यंत्र काही वर्षांत जुने झाले. ते बांधताना घडलेली जाण टिकली.

९/ इतरत्रही हाच अनुभव. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली ‘आयबीएम १६२०’ आला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यास प्रारंभ झाला. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत बनावटीचा ‘मिन्स्क-२’ होता. पदवीपूर्व पातळीवर संगणकशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम मात्र कानपुरातही १९७० च्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाला. यंत्र आणि पदवी यांत जवळपास पंधरा वर्षांचे अंतर!

१०/ आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. १८ जानेवारी १९८२ : गिरणगावात सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. १९८३ : वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या वस्त्रोद्योगासाठी १८८७ ची संस्था निघाली तो कोसळत असताना, नव्या विद्येचे दरवाजे शुल्काच्या किल्लीने उघडू लागले. संपात पगार गमावलेल्या घरातील मुलाला ती किल्ली परवडणारी नव्हती.

११/ पदवीबाहेरची वाटही होतीच. १९८० च्या दशकात खासगी संगणक प्रशिक्षण संस्था निघाल्या. आज मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत माहिती तंत्रज्ञान ही बी.एस्सी.ची स्वतंत्र शाखा आहे. एकेकाळी मूठभर संशोधकांपुरती असलेली विद्या गल्लोगल्ली पोहोचली, हे यश लहान नाही.

१२/ तरीही अभ्यासक्रम यंत्राच्या मागेच असतो, ही तक्रार आजही ऐकू येते. इतिहास सांगतो की तो नेहमीच मागे होता. १८८७ ला होता, १९६० लाही होता. फरक पडला तो अभ्यासक्रमाच्या बाहेर काय होते यामुळे. भायखळ्याला कार्यशाळा होती. टिफ्रॅकच्या वेळी उघडे यंत्र होते, ते चुकले तर दुरुस्त करण्याची मुभा होती. जिथे केवळ परीक्षेपुरता प्रोग्रॅम पाठ केला जातो, तिथे १८५७ चे परीक्षा मंडळच पुन्हा अवतरते.

१३/ म्हणून कोणत्याही संगणक अभ्यासक्रमाला दोन प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याला यंत्र हाताळायला, बिघडवायला आणि पुन्हा जुळवायला मिळते का? आणि त्याचे शुल्क गिरणगावातल्या, रे रोडच्या दारुखान्यात जहाजे तोडणाऱ्या कामगाराच्या मुलीला परवडते का? पहिल्याचे उत्तर टिफ्रॅकने दिले होते. दुसरे अजून आपल्याकडून येणे आहे.