धानाला चालते, पऱ्हाटीला नाही

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीपासून पुढे गडचिरोलीपर्यंत धान. पश्चिमेला वरोरा-राजुरा भागात कापूस. धानाच्या बांधीत फवारतात ते ‘टू-फोर-डी’ तणनाशक म्हणजे २,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसेटिक आम्ल. ही पांढरी भुकटी पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून तिचे क्षार किंवा एस्टर वापरतात.

रॉबर्ट पोकोर्नी यांनी १९४१ मध्ये ते बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. युद्धकाळात शत्रूची पिके मारण्याच्या हेतूने ब्रिटन-अमेरिकेत त्यावर गुप्त संशोधन झाले आणि १९४५ मध्ये ते तणनाशक म्हणून बाजारात आले. ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकाची ते नक्कल करते. रुंद पानांची झाडे वेडीवाकडी वाढून मरतात, गवतवर्गीय बहुधा तगतात. धान हे गवतच; पण सावाही गवतच, त्यामुळे निंदणी काही पूर्ण टळत नाही!

व्हिएतनाममधील ‘एजंट ऑरेंज’मध्ये हे निम्मे होते, त्यातले कुप्रसिद्ध डायॉक्सिन मात्र जोडीच्या २,४,५-टी मधून आले होते. तरीही २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टू-फोर-डीला ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरवले. डोळ्यांना तर ते निश्चितच घातक.

पऱ्हाटी द्विदल आणि या आम्लाबाबत कमालीची हळवी. वाऱ्याने आलेले तुषार, एस्टरची वाफ, किंवा नीट न धुतलेला फवारणी पंप एवढ्यानेही तिची पाने चिंचोळी होऊन आखडतात.