तंजावरच्या चुलीवरील मराठी

सरकारी बदलीने चेन्नईस आलेल्या मराठी माणसास सांबाराची कथा कोणीतरी ऐकवितोच. छत्रपती संभाजी महाराज तंजावरास पाहुणे आले. मुदपाकखान्यात आमसुले संपली होती. तेव्हा शाहजी राजांनी आमटीत चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून तिला 'सांबार' म्हटले. कथा गोड आहे व आमच्या अभिमानास ती फार मानवते. परंतु तिला समकालीन कागदाचा आधार नाही. शिवाय 'संभार' या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी साहित्य, सामग्री. आणि विदर्भात आजही कोथिंबिरीस 'सांबार' म्हणतात. नावासाठी छत्रपतींना तंजावरास नेण्याचे कारण दिसत नाही.

मग तंजावरच्या मराठ्यांचे स्वयंपाकघरात काय उरले? शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675च्या सुमारास तेथे स्थापिलेले राज्य 1855पर्यंत टिकले. या घराण्याने पाकशास्त्रास विद्येचा मान दिला. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिचा आश्रय लाभलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. सरफोजी राजांच्या (1798–1832) नावाचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केले आहे.

पण ग्रंथांहून बोलका पुरावा तमिळ गृहिणीच्या जिभेवर आहे. तिची 'पिट्लै' हे आमचे पिठलेच, असे मानतात. मात्र त्यात बेसन नाही. तूरडाळ, कारले, चिंच आणि वाटलेले खोबरे घालून ती शिजविते. 'रसवांगी' या नावातील वांगी तर लपत नाहीत. 'डांगर पच्चडी' म्हणजे दह्यात कालविलेले उडदाचे पीठ. डांगर हा शब्द पापड लाटणाऱ्या कोणत्याही मराठी घरास परका नाही. या पदार्थांचे नाव माहेरचे आणि चव सासरची.

राज्य खालसा झाले, मोडी वाचणारे विरळ झाले, आणि तंजावरची अनेक मराठी कुटुंबे पोटासाठी मद्रासेस आली. कुंभकोणम येथे 1828 साली जन्मलेले व मद्रासेत शिकलेले राजा सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले. अशा घरांतून तमिळमिश्रित का होईना, मराठी आजही बोलली जाते.

आम्ही बदलीवर आलेले लोक येथील आमटीस गावची चव नाही म्हणून कुरकुरतो, आणि मुले घरातही परभाषेत जेवण मागतात तिकडे दुर्लक्ष करतो. तंजावरकरांनी नेमके उलट केले. त्यांनी आमसुलाचा हट्ट सोडला, चिंच आपलीशी केली. शब्द मात्र सोडले नाहीत. सांबाराचे श्रेय आमच्या पदरी न पडले तरी चालेल. पिठल्यास पिठले म्हणणारे मूल आमच्या पंगतीत उरते की नाही, याची चिंता आम्ही आधी करावी.