बटणाचा रंग कोणी बदलला? : चाळीस वर्षांच्या एका शोधाचा इतिहास

१/ संगणकाच्या पडद्यावर एक बटण आहे. ते निळे असावे असे प्रोग्रामरने लिहून ठेवले आहे. पण प्रोग्राम चालू होताच ते करडे दिसते. दोष कुठे आहे? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधण्याची साधने घडवण्यात सुमारे चाळीस वर्षे गेली आणि त्या प्रवासात हाती आलेली एक मोठी गोष्ट मध्येच हरवली. आजचा धागा त्या साधनांचा. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी दोन शब्द समजून घेऊ. पडद्यावरचे बटण, मजकुराचा चौकोन, यादी, हे सारे प्रोग्रामच्या दृष्टीने ‘ऑब्जेक्ट’. त्याचा रंग, रुंदी, मजकूर, ते दिसते की लपलेले आहे, या त्याच्या ‘प्रॉपर्टी’, म्हणजे गुणधर्म. मराठी माणसाला प्रॉपर्टी म्हटले की जमीन आठवते, आणि येथे ती उपमा चांगलीच लागू पडते. सातबारा पाहिला की जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते कळते. ती त्या नावावर कशी आली, हे जाणण्यासाठी फेरफार नोंदवही, अर्थात गाव नमुना ६, उघडावी लागते.

बटण करडे आहे, हा झाला सातबारा. ते करडे कोणी केले, केव्हा केले, हा फेरफार. सातबारा दाखवणारी साधने लवकर आली. फेरफार मिळायला फार उशीर झाला.

३/ आरंभ कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे. झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये तेथे पार्क नावाचे संशोधन केंद्र काढले. ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आदी मंडळींनी तेथे ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडवली. तिची पहिली आवृत्ती १९७२ ची. बाहेरच्या जगाला तिची सविस्तर ओळख झाली ती ‘बाइट’ मासिकाच्या ऑगस्ट १९८१ च्या अंकातून. स्मॉलटॉकमध्ये सारे काही ऑब्जेक्ट होते: आकडा, अक्षर, खिडकी, आणि ती खिडकी रेखाटणारा प्रोग्रामही.

४/ या व्यवस्थेत ‘इन्स्पेक्टर’ नावाची एक छोटी खिडकी होती. कोणत्याही ऑब्जेक्टवर ती उघडता येई. डावीकडे त्याच्या आतल्या चलांची नावे, उजवीकडे निवडलेल्या चलाचे त्या क्षणीचे मूल्य. मूल्य पाहता येई, तसेच तेथेच बदलताही येई. ऑब्जेक्टला न कळणारा संदेश पाठवला गेला तर प्रोग्राम कोसळत नसे. तो त्या जागी थबके, एक सूचना-खिडकी उघडे, आणि दोष दुरुस्त करून काम तेथूनच पुढे नेता येई. घर बांधणारा आणि घरात राहणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती.

५/ याचा पुरावा म्हणून १९७९ चा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स आपल्या सहकाऱ्यांसह पार्क पाहायला आले. ॲलन के यांनी स्मॉलटॉकच्या इतिहासावर पुढे जो लेख लिहिला, त्यात ते सांगतात की पडद्यावरचा मजकूर ज्या तऱ्हेने सरकत होता ती जॉब्स यांना रुचली नाही. तो सलग, संथपणे सरकवता येईल का, असे त्यांनी विचारले. इंगल्स यांनी एका मिनिटाच्या आत संबंधित भाग शोधला, बदलला, आणि मजकूर सलग सरकू लागला. प्रोग्राम बंद केला नाही, पुन्हा चालू केला नाही.

६/ पाहुण्यांनी यातून काय नेले? १९९६ च्या एका माहितीपटात जॉब्स यांनीच कबूल केले आहे की आपल्याला तेथे तीन गोष्टी दाखवल्या गेल्या. परंतु पहिलीने, म्हणजे चित्रमय पडद्याने, आपण इतके दिपलो की ऑब्जेक्टवर आधारलेली रचना आणि संगणकांचे जाळे या उरलेल्या दोन आपल्याला दिसल्याच नाहीत.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातली कळीची घटना हीच. लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) यांनी पार्कचा चेहरा घेतला. चेहऱ्यामागे डोकावण्याची खिडकी मात्र मागे राहिली. अर्थात दोष केवळ दृष्टीचा नव्हता. पहिल्या मॅकिंटॉशमध्ये १२८ किलोबाइट स्मृती होती. जिवंत, स्वतःला उघडून दाखवणारी व्यवस्था तेवढ्यात मावली नसती.

७/ पुढे १९८५ मध्ये विंडोज आले. तेथे प्रत्येक बटण हीदेखील एक ‘खिडकी’च, आणि तिला एक ओळख-क्रमांक. मजकूर बदलायचा तर त्या क्रमांकाला संदेश पाठवायचा. प्रोग्राम एकदा यंत्रभाषेत उतरला की चलांची नावे पुसली जात. मग आत पाहायचे कसे? मायक्रोसॉफ्टने प्रोग्रामरांच्या साधनपेटीत जे अवजार ठेवले त्याचे नावच ‘स्पाय’, म्हणजे हेर. पुढे ‘स्पाय प्लस प्लस’. त्यातले नेमबाजीचे चिन्ह ओढून हव्या त्या बटणावर नेले की त्या खिडकीचा क्रमांक, वर्ग, मजकूर, जागा आणि तिच्याकडे येणारे संदेश दिसत.

८/ हेराला मर्यादा असतात, तशा यालाही होत्या. विंडोजला जेवढे ठाऊक तेवढेच त्याला दिसे. प्रोग्रामरने आपल्या ऑब्जेक्टमध्ये ठेवलेली ‘हा अर्ज मंजूर आहे का’ यासारखी माहिती त्याला अदृश्य. शिवाय खिडकीच्या शैलीच्या खुणा सोळाच्या पटीतल्या आकड्यांत लिहिलेल्या. त्या उलगडत बसणे हे जुन्या मोडीपत्राइतकेच चिकाटीचे काम.

९/ दरम्यान हरवलेली खिडकी वेगळ्याच रूपात परतत होती. फ्रान्सच्या ज्याँ-मारी युलो यांनी घडवलेला ‘इंटरफेस बिल्डर’ १९८८ मध्ये नेक्स्ट संगणकांबरोबर आला. त्यात बटण निवडले की त्याचे गुणधर्म एका तपासणी-फलकावर दिसत. नेक्स्ट कंपनी कोणाची? जॉब्स यांची. पहिल्या भेटीत न दिसलेली गोष्ट नऊ वर्षांनी त्यांच्याच दुकानात विकायला आली होती.

१०/ ही कल्पना घराघरांत नेली ती व्हिज्युअल बेसिकने (१९९१). ॲलन कूपर यांनी रचलेल्या एका प्रोग्रामचा गाभा त्यात होता. फॉर्मवर चौकोन ओढून ठेवावा, यादीतून त्याचे गुणधर्म बदलावे, दोन ओळी लिहाव्या, आणि प्रोग्राम तयार. पण या यादीत एक मेख होती, ती नवशिक्याला पुष्कळ काळ कळत नसे. यादी दाखवते ते आरंभीचे मूल्य. प्रोग्राम चालू झाल्यावर कोणती ओळ ते मूल्य कुठे नेईल, हे तिला माहीत नसते. जुना सातबारा हातात धरून आजची मोजणी करण्यासारखेच हे.

११/ चालू प्रोग्राम थांबवून ‘इमिजिएट’ खिडकीत प्रश्नचिन्ह आणि गुणधर्माचे नाव लिहिले की त्या क्षणीचे मूल्य मिळे. ही सोय मोठी होती; पण थांबवणे हीच अडचण ठरू शकते. पडद्याशी निगडित दोषांचा हा स्वभाव लक्षात घ्या. ‘या चौकोनावरून लक्ष हलले की अमुक कर’ अशा ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवला, की प्रोग्राम थांबतो आणि डीबगरची खिडकी पुढे येते. ती पुढे येण्यानेच चौकोनावरून लक्ष हलते! खिडकी रंगवणाऱ्या ओळीवर थांबलात तर डीबगर तिला झाकतो. तो बाजूला झाला की ती पुन्हा रंगवावी लागते, आणि आपण पुन्हा त्याच ओळीवर. म्हणून जाणते प्रोग्रामर अशा जागी न थांबता नोंदी छापत जातात: वेळ, गुणधर्म, जुने मूल्य, नवे मूल्य. घरगुती फेरफार नोंदवहीच ती.

१२/ त्या काळचा दुसरा नेहमीचा दोष म्हणजे दोन चौकोनांचे भांडण. एकात रुपये, दुसऱ्यात डॉलर. पहिल्याचा मजकूर बदलला की दुसऱ्याचा बदला; दुसऱ्याचा बदलला की पहिल्याचा बदला. माणसाने टंकलेला बदल आणि प्रोग्रामने केलेला बदल यांत व्हिज्युअल बेसिक भेद करीत नसे. आकडे पूर्णांकात बसवताना तसूभर फरक पडला की दोघे एकमेकांना बदलत राहत. उपाय साधा: ‘सध्या मीच बदल करतो आहे’ अशी खूण ठेवायची आणि ती असताना दुसऱ्या बाजूने गप्प बसायचे.

१३/ फेरफाराच्या दिशेने पहिले पक्के पाऊल मला डेल्फीत दिसते. बोरलँड कंपनीने फेब्रुवारी १९९५ मध्ये ते आणले. मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग. डेल्फीच्या ‘ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर’ने गुणधर्म आणि घटना यांचे दोन कप्पे केले, ते तर सर्वांना दिसले. अधिक मोलाची गोष्ट आत होती. ‘पब्लिश्ड’ असे जाहीर केलेल्या गुणधर्मांची नावे आणि प्रकार यंत्रभाषेत उतरल्यावरही टिकून राहत. आणि गुणधर्मात मूल्य लिहिण्याचा रस्ता एका ठरावीक पद्धतीतून, म्हणजे ‘सेटर’मधून, नेता येई.

हा जणू जकात नाका. रंग कोणीही बदलो, नाक्यावरून जावे लागणार. तेथे ब्रेकपॉइंट ठेवला की बदलणारा रंगेहाथ सापडे; कोणी कोणाला बोलावून येथवर आणले, ती सारी साखळी समोर. हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या सी-शार्प भाषेतही गुणधर्मांना हाच नाका मिळाला.

१४/ आता कथेतले वळण. २००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूपीएफ ही पडदा-रचनेची नवी पद्धत आणली. तिच्यात गुणधर्म हे एक मूल्य राहिले नाही. ते अनेक दावेदारांचे वतन झाले. बटणाचा रंग थेट लिहिलेला असू शकतो, शैलीतून येऊ शकतो, साच्यातून, एखाद्या अटीमुळे, वरच्या घटकाकडून वारशाने, नाहीतर मूळ ठरलेला. कोणाचा दावा वरचढ याचा क्रम ठरलेला. चालू ॲनिमेशन थेट लिहिलेल्या मूल्यावर मात करते; थेट मूल्य शैलीतल्या अटीवर मात करते. हेतू चांगलाच होता: हजारो घटकांनी न बदललेले मूल्य जवळ बाळगू नये, आणि रूप एका जागी बदलता यावे.

१५/ पण डीबगिंग करणाऱ्याची दैना झाली. उदाहरण पाहा. एक चित्र ॲनिमेशनने हळूहळू अदृश्य केले. ॲनिमेशन संपले. मग प्रोग्रामरने लिहिले: पारदर्शकता १ करा, म्हणजे चित्र पुन्हा दिसू दे. ओळ चालली, तक्रार आली नाही, आणि चित्र दिसले नाही. लगेच मूल्य वाचून पाहिले तर शून्य! कारण संपलेले ॲनिमेशन, वेगळे सांगितले नसेल तर, आपले अखेरचे मूल्य धरून बसते. लिहिलेला १ नोंदला गेला आहे, पण त्याच्या वर दुसऱ्याचा ताबा आहे.

आणि जकात नाका? पडद्याची मांडणी ज्या भाषेत लिहितात, ती वाचणारी यंत्रणा सेटर टाळून थेट आतल्या कोठारात मूल्य ठेवते. सेटरवर लावलेला ब्रेकपॉइंट कोरडाच राहतो. अकरा वर्षांपूर्वी बांधलेल्या नाक्याला वळसा घालणारा रस्ता निघाला होता, आणि तोही नाका बांधणारे स्वतः जेथे काम करीत होते त्याच कंपनीत.

१६/ याहून त्रासदायक होते ते मौन. स्मॉलटॉकमध्ये न कळलेला संदेश आला की खिडकी उघडे. व्हिज्युअल बेसिकमध्ये नसलेला गुणधर्म मागितला की चालू प्रोग्राम ४३८ क्रमांकाची चूक दाखवी. डब्ल्यूपीएफमध्ये पडदा आणि माहिती यांना जोडणाऱ्या नावात एका अक्षराची चूक झाली तर चौकोन रिकामा राहतो, एवढेच. तक्रारीची ओळ डीबगरच्या नोंदींच्या गर्दीत कुठेतरी पडलेली असते. असेच मौन इतरत्रही आढळते. नॉर्वेतून आलेल्या ‘क्यूट’ या साधनसंचात, २००६ च्या ४.२ आवृत्तीपासून, गुणधर्माचे नाव चुकवून मूल्य दिले तर त्या चुकीच्या नावाचा नवाच गुणधर्म तयार होतो. पद्धत ‘असत्य’ असे उत्तर देते खरी, पण ते तपासतो कोण?

१७/ उत्तर आले ते एका सुट्या साधनातून. पीट ब्लॉइस यांनी २००६ मध्येच ‘स्नूप’ लिहिले. ते चालू प्रोग्रामच्या आत शिरते. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून माउस बटणावर न्यायचा, की घटकांच्या वंशवृक्षात ते बटण सापडते आणि त्याचे सारे गुणधर्म समोर येतात. तुटलेल्या जोडण्या लाल रंगात. आणि प्रत्येक मूल्याशेजारी एक रकाना: हे मूल्य कोठून आले. शैलीतून, वारशाने, की थेट.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या रकान्याचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. कागदात काय लिहिले आहे याबरोबर तो कागद कोणाच्या दप्तरातून आला, हेही येथे नोंदले आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या व्हिज्युअल स्टुडिओत गुणधर्मांचा असा जिवंत तपासणी-फलक दिला तो २०१५ मध्ये.

१८/ ‘केव्हा बदलले’ या प्रश्नाची कथा निराळी. इंटेलच्या ८०३८६ या १९८५ च्या प्रोसेसरमध्ये स्मृतीतील चार पत्त्यांवर पहारा ठेवण्याची सोय होती: तेथे कोणी लिहिले की प्रोग्राम थांबवा. सी प्लस प्लसच्या प्रोग्रामरांना तिचा लाभ मिळाला. परंतु सी-शार्पसारख्या भाषांत कचरा झाडणारी यंत्रणा ऑब्जेक्टना स्मृतीत इकडून तिकडे हलवते. पहारेकरी जुन्या पत्त्यावर उभा आणि बिऱ्हाड हललेले. अमुक ऑब्जेक्टचे अमुक मूल्य बदलताच थांबा, असे सी-शार्पच्या प्रोग्रामरला व्हिज्युअल स्टुडिओत सांगता येऊ लागले ते २०१९ मध्ये, डॉट नेट कोअर ३.० बरोबर. प्रोसेसरला जे साधले होते ते त्यांच्या हाती यायला ३४ वर्षे लागली.

१९/ लिनक्स वापरणाऱ्या वाचकांसाठी शेवटची नोंद. जीटीके या साधनसंचात २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून इन्स्पेक्टर अंगभूतच आहे. त्याआधी ‘जीटीके-पॅरासाइट’ नावाचे सुटे साधन होते, त्यातूनच तो उगवला. ही कळ काही वेळा आधी सेटिंगमध्ये चालू करून ठेवावी लागते. मग जीटीकेवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा. आधी एक इशारा येईल की आत हात घातल्यास प्रोग्राम मोडू शकतो. तो स्वीकारला की पडद्यावरचे कोणतेही बटण निवडता येते, आणि त्याची लेबले, रुंदी, दृश्यता चालू प्रोग्राममध्येच बदलता येते. प्रयोग करण्यापूर्वी आपले काम तेवढे जतन करून ठेवा.