उष्टं आणि माल

आईची आकडी जाड तारेची होती, दगडावर ठोकून तिनंच वाकवलेली. कुंडीत हात घालण्याआधी ती आकडीनं वरचा थर बाजूला सारायची, कारण काच खाली असते. पहाटे साडेचारला, कुत्री जमायच्या आत, प्रभात रोडच्या कुंड्या गाठायच्या हा तिचा नेम. डोक्यावर चुंबळ, त्यावर पोतं. घरी आल्यावर दारातच पोतं उपडं व्हायचं आणि कागद, काच, पत्रा यांचे ढीग लागायचे. या ढिगांना आमच्यात कचरा कुणी म्हणत नसे. तो माल.

आज्जीचा दंडक एकच होता. "कुंडीतलं काय बी आणा, अन्न आणायचं न्हाई."

तो दंडक कुंडीच्या वासामुळे आलेला नव्हता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात पणजोबांकडे येसकरकी होती. गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी घोंगडीचा झोळ करून घरोघर भाकरी मागायची. म्हणायला ती हक्काची भाकरी, पण पडायची वरून, हात न लागता. लहानपणी आज्जीही त्यांच्यामागे हिंडलेली. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर खाऊ नका, फेकलेले तुकडे उचलू नका. आमचा मुलूख निजामाचा. ते शब्द तिथं पोचून अंगवळणी पडायला बरीच वर्षं गेली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरची येसकर भाकरी कायमची बंद झाली.

मग १९७२ चा दुष्काळ. आई खडी फोडायला गेली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, आणि शेवटी सगळे पुण्याला आले. त्या दुष्काळानं मराठवाड्यातून आलेल्या कितीतरी महार-मांग बाया इथं कागद वेचायला लागल्या. भांडवल लागत नव्हतं, कुणाची ओळख लागत नव्हती. आई म्हणायची, कापूस वेचला, कागद वेचला, कंबर तीच वाकते.

माझी शाळा या मालावर झाली. अर्ध्या भरलेल्या वह्यांची कोरी पानं सोडवून आई गोधडीच्या सुईनं शिवून द्यायची. एका वहीच्या कोपऱ्यात कुणा मुलीचं नाव शाईनं उमटलेलं राहिलं होतं; बाईंनी मला वर्षभर त्याच नावानं हाक मारली.

घरात भांडण व्हायचं ते चपात्यांवरून. कॅरीबॅग आल्यापासून बायका शिळ्या चपात्या पिशवीत घालून तीन-तीन गाठी मारून टाकतात. (टाकायच्याच, तर गाठ कशाला? नखं तुटतात.) आई त्या पत्र्यावर वाळवून शेळ्यावाल्याला किलोवर द्यायची. आज्जीला तेही खपेना. "शेळीच्या तोंडी घाल, पण माझ्या पत्र्यावर नको," म्हणायची. आईचं उत्तर ठरलेलं: विकला की तो माल झाला.

रस्त्यात पोतं दिसलं की पोलीस हटकायचे. त्यात तांब्याची तार निघाली तर चोरी. भंगारवाल्याच्या काट्यावर किलोचे आठशे ग्रॅम व्हायचे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पुढे होते. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण वस्तीत येऊन बसायच्या. काही वर्षांत पुणे महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र मिळालं. आईनं ते पोलक्यात ठेवलं, घामानं फोटो पुसला, तरी दुसरं काढायला ती तयार नव्हती.

२००८ मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. आई कुंडीवरून लोकांच्या दारात आली. ओला वेगळा, सुका वेगळा; सॅनिटरी पॅड गुंडाळलेल्या कागदावर लाल टिपका, हे पुढं आलं. आज्जी तेव्हा नव्हती. पण एका घरातल्या बाईंनी ओल्या कचऱ्याच्या बादलीवरच कालच्या पुऱ्यांची पिशवी ठेवून "घ्या मावशी" म्हटलं, तेव्हा आई आज्जीसारखंच बोलली. "ताई, कचरा बादलीत द्या. खायाचं द्यायचं तर भांड्यात द्या."

त्या दिवाळीला त्याच घरातून स्टीलच्या डब्यात फराळ आला. आईनं डबा राखेनं घासला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांची ओल्याची बादली उपडी करताना तिनं नेहमीपेक्षा जरा बारकाईनं पाहिलं. चटणी नव्हती.