१६ जानेवारी १८६२ : एका गावाची मुले गेली

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यातील न्यू हार्टली या खाणकामगारांच्या गावावर या दिवशी काळ कोसळला. कोळशाच्या खाणीतून पाणी उपसणाऱ्या इंजिनाची अजस्र लोखंडी तुळई मोडून एकुलत्या विवरात पडली आणि बाहेर येण्याची वाट बुजली. २०४ जण दगावले. त्यांत बापांसोबत कामावर गेलेली, मिसरूडही न फुटलेली मुले होती. सहा दिवस आया विवराच्या तोंडाशी डोळे लावून बसल्या; हाती आले ते मृतदेह. जवळच्या एर्सडन गावातील चर्चच्या आवारातील स्मृतिस्तंभावर नावांपुढे वयेही कोरली आहेत. ती वाचताना आजही गलबलून येते. त्याच वर्षी प्रत्येक खाणीला दुसरी वाट सक्तीची करणारा कायदा ब्रिटिश संसदेने केला.