फारशीचे अध्यापक माधव जूलियन
आगगाडी बोरघाट चढू लागण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी बहुधा जलमार्गाने पनवेल बंदरी उतरे, आणि १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर तर मालाची व माणसांची येथील वर्दळ विशेषच वाढली. अशा बंदराच्या जुन्या व्यवहाराचे मोडी कागद उलगडू पाहणाऱ्या पनवेलकर अभ्यासकाची गाठ जकात, हशील, दस्तक, बरहुकूम, तालुके मजकूर अशा शब्दांशी पावलोपावली पडते. आणि त्यांचा उलगडा करण्यासाठी तो ज्या फारशी-मराठी कोशाकडे वळतो, तो १९२५ साली सिद्ध करणारा पुरुष मराठीतील एक अग्रगण्य प्रेमकवी होता, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात माधव जूलियन, यांचा जन्म १८९४ साली बडोद्यास झाला. प्रथम पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी फारशीचे अध्यापन केले. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळ या कवींच्या मंडळात यशवंत, गिरीश प्रभृतींसमवेत ते होते. ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य १९२६ चे. परंतु त्यांच्यातील कवी व अध्यापक निरनिराळे काढू जाणे मला अन्यायाचे वाटते, कारण वर्गात ज्या छंदांची फोड करावयाची तेच छंद रात्री स्वतःच्या वेदनेसाठी योजावयाचे, असा त्यांचा एकच अखंड व्यासंग होता.

याचे प्रमाण वृत्तविचारात सापडते. एक लघू व दोन गुरू असा यगण चार वेळा आला, की आपले भुजंगप्रयात होते, ज्यात समर्थांचे मनाचे श्लोक आहेत. आणि फिरदौसीचा शाहनामा ज्या मुतकारिब वृत्तात आहे, त्याची चालही शेवटच्या गणातील एक गुरू गळाला एवढा भेद सोडल्यास हीच आहे. तेव्हा फारशी वृत्ते मराठीत आणणे म्हणजे परके कलम बळेच लावणे नव्हे, तिच्या कानाला मुळातच ओळखीची असलेली लय जागी करणे होते. हे शास्त्र त्यांनी ‘छंदोरचना’ या १९२७ च्या ग्रंथात मांडले, १९३७ साली त्याची विस्तृत आवृत्ती काढली, आणि मतला (आरंभीचा शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे पद) यांचे बंधन पाळणारी मराठी गझल १९३३ च्या ‘गज्जलांजली’त प्रत्यक्ष रचून दाखविली. उमर खय्यामच्या रुबायाही त्यांनी प्रथम मूळ फारशीवरून आणि नंतर ‘द्राक्षकन्या’त फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून मराठीत आणल्या.

उत्तरायुष्यात ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून त्यांनी फारशी शब्दांना आळा घालण्याचा पक्ष घेतला, तेव्हा पुष्कळांना तो विसंवाद वाटला. मला तसे वाटत नाही. ज्याने त्या शब्दांचा कोश रचला होता, त्यांतले कोणते राखावे नि कोणते टाकावे हे सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा? मात्र बंदराच्या कागदांतले शब्द त्या ग्रंथाने उठले नाहीत, आणि उठू नयेत असेच मी म्हणेन.

१९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९३८ साली मुंबई विद्यापीठाची डी.लिट. ही पदवी असे दोन मान त्यांना लाभले. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गझल गावोगावच्या मैफलींत नेण्याचे काम पुढे सुरेश भटांनी केले आणि नवोदितांसाठी तिची बाराखडीही लिहून दिली.